एक विवरणपत्र आणि दोन व्याही

नवरा उत्तर कॅरोलायनातील शार्लट शहरात, बायको कोल्हापुरास राजारामपुरीतल्या सासरघरी आणि तिच्या नावचा ऊस शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठी, असा ज्याचा पसारा तीन ठिकाणी विखुरलेला आहे त्या संसाराने अमेरिकेच्या करखात्यापुढे एक म्हणून उभे राहावे की दोन म्हणून, या प्रश्नावर यंदाच्या फेब्रुवारीत माझ्या दोन वयोवृद्ध स्नेह्यांमध्ये जो वाद झाला तो मी बसल्या जागी ऐकला. आणि वाद घालणारे दोघे एकमेकांचे व्याही असल्यामुळे, म्हणजे मतभेदालाही मानपान सांभाळावा लागतो अशा नात्याचे असल्यामुळे, तो जितका कडक होता तितकाच अदबशीरही होता.

बापूसाहेब हे मुलाचे वडील. त्यांची सारी नोकरी कोषागारात गेली, त्यामुळे बिलावरची बेरीज आधी आणि बिल आणणाऱ्याचे तोंड मागाहून पाहण्याची सवय त्यांच्या अंगी मुरलेली आहे. अण्णासाहेब हे मुलीचे वडील. तलाठी म्हणून लागले आणि तहसील कचेरीत अव्वल कारकून होऊन निवृत्त झाले, म्हणून ‘खातेदार कोण?’ एवढे विचारल्यावाचून त्यांना कोणताच कागद पुरा वाटत नाही. अमोल एच-वन-बी परवान्यावर एका बँकेच्या संगणक विभागात नोकरी करतो. वैशाली येथे अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. नवऱ्याच्या आश्रित म्हणून तिकडे गेल्यास सहसा नोकरी करता येत नाही, आणि हातची कायम नोकरी सोडून परदेशात खिडकीशी बसून राहण्याची तिची तयारी नाही.

कायद्याची मांडणी थोडक्यात अशी. परदेशी मनुष्य चालू वर्षी निदान ३१ दिवस अमेरिकेत राहिला, आणि चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाच्या दिवसांचा तिसरा हिस्सा व त्यापूर्वीच्या वर्षाचा सहावा हिस्सा यांची बेरीज १८३ भरली, की सामान्यतः तो करापुरता तिथला रहिवासी ठरतो आणि नागरिकाप्रमाणे जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब देण्यास बांधला जातो. अमोल तसा रहिवासी आहे. तो विवाहित असल्यामुळे अविवाहिताचे विवरण त्याला भरता येत नाही. मग उरतात दोन वाटा. विवाहित असूनही स्वतंत्र विवरण भरावे. किंवा, ज्या बायकोने त्या भूमीवर पाऊलही ठेवलेले नाही तिलाही करापुरती तिथली रहिवासी समजावे असे दोघांच्या सहीचे निवेदन जोडून सामाईक विवरण भरावे. मुदत १५ एप्रिलची.

बापूसाहेब : अण्णासाहेब, मी आपल्यापुढे भावना मांडत नाही, आकडे मांडतो. अमोलचा पगार वर्षाला १,१०,००० डॉलर. २०२५ सालासाठी स्वतंत्र विवरणाला सरसकट वजावट मिळते १५,७५० डॉलरची आणि सामाईक विवरणाला ३१,५००ची. शिवाय सामाईक विवरणात कराचे टप्पे जवळजवळ दुप्पट रुंद, त्यामुळे जो पैसा एकीकडे २२ टक्क्यांत जातो तो दुसरीकडे १२ टक्क्यांतच थांबतो. स्वतंत्र विवरणावर संघ सरकारचा कर येतो सुमारे १५,६५० डॉलर, सामाईकवर ८,९५०. राज्याचा कर मी धरलेलाच नाही. म्हणजे एका सहीचे मोल ६,७०० डॉलर. रुपयांत पावणेसहा लाखांच्या पुढे. सरकार स्वतःहून देत असलेली सूट नाकारणे याला मी सचोटी म्हणत नाही, गैरहिशेबीपणा म्हणतो.

अण्णासाहेब : आकड्यांत मी आपल्यापुढे जाणार नाही. पण सही कोणाची, बापूसाहेब? आपण अमोलच्या पगाराचा हिशेब केलात. वैशालीने सही करताच तिचे जे आहे तेही त्या विवरणात दाखल होते, याचा केलात का? मी माझ्या हयातीतच चार एकर तिच्या नावे चढविले. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क देण्याचा कायदा महाराष्ट्राने १९९४ साली केला, दिल्लीला जाग आली २००५ साली. आणि ज्या कचेरीत बसून मी इतरांच्या बहिणींची हक्कसोडपत्रे नोंदविली, त्याच कचेरीत माझ्या मुलीचा फेरफार मंजूर होताना मला काय वाटले ते मी आपणांस सांगत नाही. ती जमीन निम्म्या वाट्याने कसायला दिलेली आहे. कारखान्याच्या ऊसबिलातून तिच्या वाट्याला वर्षाकाठी तीन लाखांच्या आतबाहेर येतात, आणि त्यावर या देशात एक पैसाही कर नाही.

(अण्णासाहेबांनी येथे पिशवीतून सातबाराचा उतारा काढून टेबलावर ठेवला. त्याची वास्तविक गरज नव्हती. जमीन कोणाची आहे याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. परंतु महसूल खात्यातला मनुष्य उतारा हाती असल्याखेरीज जमिनीविषयी बोलू शकत नाही. भोगवटादाराच्या रकान्यात वैशालीचे नाव माहेरच्या आडनावासह होते, आणि पीकपाहणीत ‘ऊस’.)

अण्णासाहेब : शेतीचे उत्पन्न १८८६ च्या कायद्याने करातून वगळले, १९२२ चा कायदा आला, १९६१ चा आला, येत्या १ एप्रिलपासून २०२५ चा नवा कायदा अंमलात येतो आहे, यांतील एकानेही या उसाला हात लावला नाही. आणि आता माझी मुलगी आपण होऊन तो हिशेब सातासमुद्रापलीकडच्या सरकारकडे रुजू करणार? तिथल्या कायद्याला आपली माफी ठाऊक नाही. त्याच्या लेखी ते नुसते भाड्याचे उत्पन्न. येथे कर भरलेला नाही, म्हणून तिथे वळती करून घेण्यासारखे काही नाही.

बापूसाहेब : तेही मी पाहिले आहे. तीन लाख म्हणजे साडेतीन हजार डॉलर धरा, १२ टक्क्यांच्या टप्प्यात चारशे-सव्वाचारशे डॉलर कर. सहा हजार सातशेंतून तेवढे वजा करा. तरी पाच लाखांहून अधिक शिल्लक. शाळेचा पगार तर, बारा महिन्यांत ३३० दिवस ती अमेरिकेबाहेर राहत असल्यामुळे, परदेशी कमाईच्या सवलतीखाली रीतसर दावा करून वगळता येतो. त्या सवलतीची मर्यादा २०२५ साठी १,३०,००० डॉलर आहे आणि अनुदानित शाळेतली शिक्षिका ती ओलांडील अशी धास्ती मला नाही. राहता राहिली आपली माफी. ती ‘शेती’ला नाही, ‘भारतातील शेती’ला आहे. उद्या एखाद्या कोल्हापूरकराची आयोवात मक्याची जमीन निघाली, तर आपले सरकार त्या मक्यावर बिनदिक्कत कर घेईल. आपण जे करतो तेच त्यांनी केले तर राग कशाचा?

या उत्तराने अण्णासाहेब क्षणभर थबकले. परंतु त्यांनी जे पुढे काढले ते मला या साऱ्या वादातले सर्वांत मौल्यवान वाटले.

अण्णासाहेब : राग नाही, आठवण आहे. माझे वडील मुंबईस एका पेढीत कारकून होते आणि आई शिरोळला. आज तो एका राज्यातला प्रवास झाला. तेव्हा शिरोळ कोल्हापूर संस्थानात आणि मुंबई इंग्रजांच्या मुलखात. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन होईपर्यंत वडील, म्हटले तर, परमुलखातले चाकरमाने आणि आई परमुलखातली बायको. १९२२ च्या कायद्यात शेतीचे उत्पन्न माफ होते, पण जिचा सारा वा स्थानिक पट्टी ब्रिटिश हिंदुस्थानात आकारली जाते अशाच जमिनीचे. संस्थानातल्या उसाचा पैसा संस्थानात खर्च झाला तर त्याला कोणी विचारीत नसे. तोच मुंबईत आणला, तर त्या कायद्याच्या दृष्टीने तो शेतीचा राहत नसे. वडिलांचा पगार करपात्र होण्याइतका कधीच नव्हता, पण पेढीतल्या मुनीमाने घातलेली भीती अशी की गूळ विकलेला एक रुपयाही त्यांनी कधी मुंबईला मागविला नाही. तिकडचे तिकडे, इकडचे इकडे. दोन सरकारांच्या मध्ये ज्याचा संसार असतो त्याने दोन वह्या ठेवाव्यात, हे मी घरात शिकलो आहे.

बापूसाहेब : मग त्याच जुन्या कायद्यातले दुसरे कलमही सांगा ना! १९३९ च्या दुरुस्तीनंतर रहिवासी कोण याची जी व्याख्या झाली तिच्यात असे होते की, एखाद्याने या मुलखात १८२ दिवस राहते घर ठेवले असेल आणि तो वर्षातून कधीतरी येऊन गेला असेल, तर तो येथलाच रहिवासी. १९६१ च्या कायद्याने, निदान ३० दिवसांच्या वास्तव्याची अट घालून, ते ठेवले. गेले ते १९८२ च्या वित्त कायद्याने. म्हणजे बायको जिथे चूल पेटवून बसली आहे तिथेच नवऱ्याचे बिऱ्हाड, असे आपलेच सरकार पुष्कळ वर्षे मानीत होते. तेच अमेरिका उलट्या बाजूने मानते: नवरा जिथे कमावतो तिथे बायकोचेही बिऱ्हाड समजू, तुमची इच्छा असेल तर. ‘इच्छा असेल तर’ हे शब्द ध्यानात घ्या. आपल्या कायद्याने कधी विचारलेही नव्हते.

अण्णासाहेब : आपल्या कायद्याने घर पाहिले तरी हिशेब एकेकट्याचाच मागितला. नवऱ्याचे विवरण निराळे, बायकोचे निराळे. १९७२ साली राज समितीने शेतीवर कर बसविण्याची शिफारस केली तेव्हा नवरा, बायको आणि अज्ञान मुले मिळून एक घटक धरावा असे सुचविले होते. तो कर आलाच नाही, आणि माझ्या मते शेतकऱ्याच्या बायकोचे त्यात कल्याणच झाले.

बापूसाहेब : आंबोलीचा घाट उतरा, की गोव्यात पोर्तुगीज दिवाणी कायद्याखालच्या नवराबायकोचे पगार सोडून बाकीचे उत्पन्न निम्मे-निम्मे वाटून दोघांच्या विवरणात घालतात, तेही आपल्याच आयकर कायद्याने. अमेरिकेतही असेच झाले. तिथल्या काही राज्यांत नवऱ्याची कमाई जन्मतः निम्मी बायकोची. १९३० साली वॉशिंग्टन राज्यातल्या सीबॉर्न दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले, आणि तिथली जोडपी कमी कर भरू लागली. इतर राज्यांतल्यांनी ओरड केली. शेवटी १९४८ साली काँग्रेसने ही दुप्पट टप्प्यांची तरतूद सर्वांनाच दिली. बायकोला गिळण्यासाठी ती आलेली नाही. उलट जर्मनी पाहा. २०२४ साली आपल्या राज्य सरकारने बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल कामगारांचा करार केला तेव्हा आपल्याकडे केवढे कौतुक झाले! पण तिथे जाणाऱ्याची बायको कोल्हापुरात राहिली, तर दांपत्याची एकत्र आकारणी त्याला मिळत नाही. ती युरोपीय संघातल्या एखाद्या देशात राहती तर मिळू शकली असती. बायकोला पाठविलेल्या पोटगीची वजावट मागायची, तर तीही आपल्या देशाच्या राहणीमानाच्या मापाने कापून. अमेरिका निदान कोल्हापूरच्या बायकोलाही बायको म्हणते.

मला स्वतःला बापूसाहेबांचे गणित निरपवाद वाटते, आणि तरीही गणित निरपवाद असणे हाच त्यांचा दुबळेपणा वाटतो. कारण ज्या कागदावर पाच लाख रुपये वाचतात त्या कागदावर वाचणाऱ्या रकमेखेरीज आणखी काय लिहिले आहे हे पाहण्याचे कुतूहल अशा वेळी माणसाला उरत नाही. ते पाहणे अण्णासाहेबांच्या वाट्याला आले.

अण्णासाहेब : सामाईक विवरणाची जबाबदारी संयुक्त आणि पृथक् आहे, असे आपल्याच सल्लागाराने लिहिले आहे. म्हणजे अमोलने उद्या एखादे उत्पन्न दाखवायचे राहिले, तर तिथले सरकार संपूर्ण बाकीसाठी त्याला धरील किंवा तिला धरील. जामीन राहणाऱ्याची जी गत तीच.

बापूसाहेब : अजाण जोडीदाराला त्यातून सूट मागता येते; तशी तरतूद आहे. आणि अमोल काही लपवील असे आपणांस वाटते?

अण्णासाहेब : छे, छे! जावईबापूंवर माझा संशय नाही. पण माझ्या नोकरीत, संशय नव्हता म्हणूनच अंगठे उठले होते. अमोलचे येथे अनिवासी खाते आहे. त्यावरचे व्याज येथे माफ, तिथे करपात्र. ते त्याने दरवर्षी दाखविले आहे का? सगळी परदेशी खाती मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर निराळी खबर द्यावी लागते. ती दिली आहे का? वैशाली पगारातून दोन म्युच्युअल फंडांत दरमहा पैसे घालते. परदेशी फंडांकडे तिथला कायदा फार वाकड्या नजरेने पाहतो, फंडागणिक तक्ता मागू शकतो. दोन हजार रुपयांच्या हप्त्यासाठी सल्लागाराला किती डॉलर द्यायचे? आणि ही निवड एका सालापुरती नाही. रद्द करीपर्यंत ती पुढे चालू राहते, आणि एकदा रद्द केली की या दांपत्याला पुन्हा कधीच करता येत नाही.

याच सुमारास वैशाली शाळेतून आली. दोन वडीलधाऱ्यांपुढे पसरलेल्या कागदांत तिचाच सातबारा, तिच्याच ऊसबिलाची पावती आणि तिच्याच पारपत्राची प्रत पाहून तिला आश्चर्य वाटले नाही. हातपाय धुऊन, चहा घेऊन ती येऊन बसली आणि क्रमांकासाठी भरावयाचा डब्ल्यू-७ नावाचा नमुना तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. सामाईक विवरणासाठी तिला नऊने सुरू होणारा नऊ अंकी करक्रमांक लागतो, आणि तो मागताना मूळ पारपत्र तरी पाठवावे लागते, नाहीतर ते देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेली प्रत तरी. अथवा अमेरिकी खात्याने नेमलेल्या एखाद्या प्रमाणन-प्रतिनिधीकडून काम करून घ्यावे लागते.

वैशाली : बापू, मूळ पासपोर्ट मी पाठवणार नाही. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं म्हणून व्हिसाची तारीख घेतलीय. तो टपालात अडकला तर ती गेली. प्रमाणित प्रतीसाठी पुण्याला जायला हरकत नाही, पण परीक्षा संपल्यावर.

बापूसाहेब : पण मुदत १५ एप्रिलची आहे, वैशाली.

वैशाली : अमोलच्या सल्लागाराची मेल मी काल पूर्ण वाचली, तुम्ही दोघांनी पहिलंच पान वाचलेलं दिसतंय. आधी स्वतंत्र भरून तीन वर्षांच्या आत दुरुस्ती करून सामाईक करता येतं. उलटं मात्र करता येत नाही. सामाईक भरलं आणि मुदत गेली की ते स्वतंत्र होत नाही. मग घाई कुणाला? यंदा अमोल स्वतंत्र भरेल, माझ्या क्रमांकाच्या जागी ‘एनआरए’, म्हणजे अनिवासी परदेशी, लिहिलं की चालतं. जादा कर जाईल, तो दुरुस्तीनंतर परत मिळेल.

अण्णासाहेब : बघा, मी हेच म्हणत होतो.

वैशाली : नाही अण्णा, तुम्ही सहीच करू नको म्हणत होतात. मी करणार आहे, पण त्याच्या आधी अमोलने मागच्या तिन्ही वर्षांची विवरणं मला पाठवायची, अनिवासी खात्याच्या उताऱ्यासकट, आणि माझे फंडांचे कागद मी त्याला. लग्नाला चार वर्षं झाली. त्याला नेमकं काय मिळतं आणि कुठं जातं ते मला ठाऊक नाही, आणि माझ्या उसाचं बिल किती येतं ते त्यानं कधी विचारलं नाही. अमेरिकेचं सरकार विचारतंय म्हणून का होईना, एकदा होऊन जाऊ दे.

बापूसाहेबांनी मान हालविली. पैसे बुडत नाहीत, नुसते लांबतात, एवढे कळल्यावर त्यांचा विरोध मावळला होता. अण्णासाहेब उतारा घडी घालून पिशवीत ठेवू लागले.

वैशाली : आणि परत येणारे पाच लाख माझ्या खात्यावर जमा व्हायचे. माझ्या नावामुळे वाचतात ना?

अण्णासाहेबांच्या चेहऱ्यावर प्रसन्नता पसरली. बापूसाहेब मात्र पेन्सिल हाती घेऊन दचकल्यासारखे म्हणाले :

बापूसाहेब : खुशाल होऊ देत, नवऱ्याने बायकोला दिलेल्या बक्षिसावर कर नाही. पण त्याची मुदतठेव केलीस तर व्याज तुझ्या विवरणात नाही जायचे. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशाचे उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवावे, असा आपला कायदा आहे, म्हणजे ते अमोलच्या येथल्या विवरणात दाखवावे लागेल. काय हो अण्णासाहेब, आपला कायदा एकेकट्याचा हिशेब मागतो म्हणत होतात ना?

अण्णासाहेब : आम्ही महसुलातले. व्याजाचे आम्हांला काय कळते? वैशाली, मुदतठेव करूच नकोस. शेजारचे एक एकर विकायला निघाले आहे.